व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक आक्रमण आणि बचाव यांचा मेळ कसा घालतो?

सांगलीत शालेय संघांना शिकवताना मुले मला हाच प्रश्न विचारतात. माझ्या मते हा मेळ आपला खेळाडू बास्केटकडे चेंडू फेकतो त्या क्षणीच ठरतो. तेव्हा रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत येणारा चेंडू पकडायला, चौघे आत घुसले आणि चेंडू हुकला, तर प्रतिस्पर्ध्याला पुढचे मैदान मोकळे मिळते; म्हणून दोन गार्डनी (बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारे खेळाडू) लगेच मध्यरेषेकडे परतावे, हे आक्रमण आखतानाच पक्के करावे लागते. घाईने टाकलेला शॉट तर बचावच मोडतो, कारण कोणीच जागेवर नसते. 2004 साली अमेरिकेतील NBA या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेत प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांच्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाने लेकर्स संघाला 4-1 असे हरवले, ते प्रामुख्याने बचावाच्या बळावर. पण त्यांचे पाचही खेळाडू गुण मिळवू शकत होते, हे विसरू नये.