वाचक विचारतात : निसर्गाचं मोल कोणासाठी?

प्रश्न : ‘निसर्गाला अंगभूत मूल्य आहे’ असं वाचनात येतं. पण मूल्य ठरवतो तो माणूसच ना? माणूसच नसेल तर मूल्य येणार कुठून?

उत्तर : इथे दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. मूल्य कोण ओळखतं हा एक, आणि ते कोणासाठी आहे हा दुसरा. बाळ मोलाचं वाटतं ते आईला. पण म्हणून बाळाचं मोल आईच्या उपयोगापुरतं उरत नाही. तसंच नदीचं मोल ओळखायला माणूस लागतो हे मान्य केलं, तरी ते माणसासाठीच आहे असं त्यातून निघत नाही.

तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ साली यावर एक कल्पनाप्रयोग मांडला. पृथ्वीवर शेवटचा एकच माणूस उरला आहे. मरता मरता तो हाताला लागेल तो प्राणी मारतो, दिसेल ते झाड पाडतो. एकाही माणसाचं त्यात नुकसान नाही. तरी त्याचं चुकलं असं वाटत असेल, तर उपयोगापलीकडचं काहीतरी तुम्ही आधीच मानलेलं आहे. यावर कोणी म्हणेल की त्या माणसाचा स्वभाव दुष्ट, एवढंच. पण दुष्ट का म्हणायचं? रिकाम्या माळावर दगड फोडत बसलेल्याला आपण क्रूर म्हणत नाही.

शब्दाचा घोळही आहे. जॉन ओनील यांनी १९९२ मध्ये ‘अंगभूत’चे तीन अर्थ वेगळे करून दाखवले : साधन नसून स्वतःच साध्य असलेलं, इतर कशाशीही असलेल्या संबंधावर अवलंबून नसलेलं, आणि माणसाने मोजलं नाही तरी असणारं. एखादी जात ‘दुर्मीळ म्हणून मोलाची’ म्हटली की दुसरा अर्थ बाद होतो, कारण दुर्मीळपणा इतरांच्या तुलनेतच ठरतो. पहिला अर्थ मात्र शाबूत राहतो. व्यवहारातल्या बहुतेक वादांना तो पुरतो. तिसऱ्यासाठी भांडत बसू नये.

प्रश्न : एका हंगामी पाणथळीवर भराव टाकायचा प्रस्ताव आहे. आम्ही हरकतीत पूर अडवणं, पाणी गाळणं, परागीभवन असे फायदे लिहिले. प्रकल्पाचे सल्लागार म्हणतात, शुद्धीकरण यंत्रणा आणि दुसरीकडे खोदलेलं तळं मिळून ही कामं करतील. आता काय लिहावं?

उत्तर : सल्लागारांनी तुम्हाला तुमच्याच शब्दांत पकडलं आहे. फायद्यांची यादी दिली की पाणथळ ही कामं उरकणारी वस्तू ठरते. तेच काम करणारी दुसरी वस्तू आणली की विषय मिटला.

हरकतीतल्या प्रत्येक मुद्द्यासमोर एक प्रश्न लिहा : हे काम उद्या यंत्राने केलं तर आमचा आक्षेप उरतो का? ‘नाही’ असेल तर तो मुद्दा साधनमूल्याचा, ‘हो’ असेल तर अंगभूत मूल्याचा. पहिल्या गटातले मुद्दे काढून टाकू नका. ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरतं त्याला तेच पटतात. फक्त दोन्ही गट एका तक्त्यात घालू नका. तक्ता आला की बेरीज आली, आणि ज्याला आकडा नाही त्याच्यापुढे गुपचूप शून्य धरलं जातं. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पृथ्वीवरच्या १७ परिसंस्था-सेवांची, म्हणजे निसर्ग माणसासाठी करतो त्या कामांची, किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली. जगाचं लक्ष वेधायला तो आकडा कामाला आला. पण एक विशिष्ट तुकडा बुजवावा की नाही, हे तो सांगू शकत नाही.

आता क्रम. प्रकल्पाच्या हानीबाबत चार पायऱ्या मानल्या जातात : हानी टाळणं, कमी करणं, बिघडलेलं पूर्ववत करणं, आणि उरलेल्याची भरपाई. अंगभूत मूल्याची जागा पहिल्या पायरीवर आहे. बहुतेक हरकती थेट चौथ्या पायरीवर उतरतात आणि भरपाई दुप्पट की तिप्पट यावर घासाघीस करतात. तिथे पोचलात म्हणजे अदलाबदल तुम्ही मान्य केलीत. त्याऐवजी लेखी विचारा : कोणत्या पर्यायी जागा तपासल्या, त्या कोणत्या कारणाने नाकारल्या, प्रकल्प न करण्याचा पर्याय अहवालात कुठे आहे? अंगभूत मूल्य मानलं म्हणजे कशालाच हात लावायचा नाही असं होत नाही. पुराव्याचं ओझं बदलतं. ‘का वाचवायचं’ हे तुम्ही सिद्ध करायचं नसून ‘का बुजवायचं’ हे त्यांनी सिद्ध करायचं.

‘निसर्गाचं मूल्य’ असंही मोघम लिहू नका. कोणाचं? त्या जागी राहणाऱ्या जीवांचं, जातींचं, की भरण्या-आटण्याच्या चक्राचं? हंगामी पाणथळीत हे चक्रच मुख्य आहे. दर वर्षी ती आटते, म्हणून तिथे मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी आणि पिल्लं वाचतात. खोदलेलं तळं बारमाही राहिलं की त्यात मासे येतात किंवा कोणीतरी हौसेने सोडतं, आणि बेडकांची पैदास बसते. खोदकामात काठ उभे होतात. नैसर्गिक काठ इतका मंद उतरतो की काही सेंटीमीटर खोलीचा पट्टा बराच लांब पसरतो. लहान चिखलपक्षी चोच घालतात ते तिथेच. उभ्या काठाला हा पट्टा नसतो. मातीतलं बियाणं भरावाखाली गाडलं जातं ते वेगळंच. तेव्हा दोन हंगाम दर आठवड्याला एकाच खुंटीवर पाण्याची पातळी मोजा आणि पाणी किती आठवडे टिकतं ते तारखांनिशी नोंदवा. ‘तळं म्हणजेच पाणथळ’ हा दावा अशा नोंदवहीपुढे टिकत नाही.

रॉबर्ट इलियट यांनी १९८२ मध्ये पुन्हा घडवलेल्या निसर्गाची तुलना नकली चित्राशी केली होती : हुबेहूब असलं तरी उगम वेगळा, म्हणून मोल वेगळं. युक्तिवाद सुरेख आहे, पण सुनावणीत तो नेऊ नका. खुंटीची वही न्या.

प्रश्न : प्रत्येक जीवाला अंगभूत मूल्य असेल तर बेटांवरचे उंदीर, मांजरं, ससे मारून ‘संवर्धन’ कसं करता येतं?

उत्तर : ही या विषयातली खरी दुखरी जागा आहे. पॉल टेलर (१९८६) प्रत्येक सजीवाला स्वतःचं हित असतं असं मानतात. आल्डो लिओपोल्ड (१९४९) समूहाकडे पाहतात : जीवसमुदायाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य टिकवणारं ते योग्य. समूहासाठी एकेका जीवाचा बळी देणाऱ्या या विचाराला टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये थेट ‘पर्यावरणीय फॅसिझम’ म्हटलं. दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण राखता येत नाहीत, आणि तसा दावा कोणी केला तर सावध व्हावं.

मॅक्वेरी हे ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्रातलं बेट. बिळांत राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांना खाणारी मांजरं तिथून २००० पर्यंत संपवली. सशांवर सोडलेल्या रोगाचा जोर तोवर ओसरत होता. मांजरंही गेली आणि ससे फुगले. उतार बोडके झाले, दरडी कोसळल्या. मग ससे आणि दोन जातींचे उंदीर एकदमच काढायचं ठरलं. २०१० मध्ये विषारी आमिष टाकलं, तेव्हा मेलेले प्राणी खाऊन पेट्रेल आणि स्कुआ पक्षी मेले. २०११ च्या फेरीआधी सशांचा विषाणू सोडून त्यांची संख्या खाली आणली आणि मेलेले प्राणी उचलायला पथकं ठेवली. २०१४ मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं.

म्हणजे मारण्याआधी इतकं तरी तपासायला हवं : शेवटच्या प्राण्यापर्यंत पोचता येईल का, मारण्याचा वेग पैदाशीपेक्षा जास्त राहील का, ते परत येण्याची वाट बंद आहे का. यातलं एक जरी नाही असेल तर निर्मूलन होत नाही, दर वर्षीची कत्तल होते, आणि शेवटी जास्त जीव जातात. पद्धतही पाहावी. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने प्राणी काही दिवस आतल्या रक्तस्रावाने मरत राहतो. ‘शास्त्रीय पद्धत’ म्हणून हे झाकू नये. निर्णय बरोबर असला तरी मेलेल्या सशाचं मोल शून्य होत नाही.

प्रश्न : मग देवीच्या विषाणूलाही मूल्य आहे का?

उत्तर : टेलर यांच्याच चौकटीत स्वसंरक्षण हा पहिला अग्रक्रम आहे, त्यामुळे १९८० मध्ये देवी रोगाचं निर्मूलन जाहीर झालं त्यात काही अडत नाही. विषाणूला स्वतःचं हित असतं का, हा प्रश्न त्याआधीच येतो, आणि आमच्या मते नसतं.

प्रश्न : नदीला ‘व्यक्ती’चा दर्जा दिला म्हणजे कायद्याने तिचं अंगभूत मूल्य मान्य केलं, असं समजायचं का?

उत्तर : नुसत्या दर्जावरून नाही. कंपनीही कायद्याने व्यक्तीच असते, तिला कोणी स्वतःत साध्य मानत नाही. दर्जा दिल्याने नदीच्या नावाने दावा लावता येतो, इतकंच. एक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आणि ते मागण्याची मुभा कोणालाही दिली. २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लोस सेद्रोस अरण्यातल्या खाणकामाच्या परवानग्या याच आधारे रोखल्या. न्यूझीलंडच्या वांगानुई नदीचा २०१७ चा कायदा मात्र अंगभूत मूल्यांची भाषा उघड वापरतो. त्यातलं एक असं : मी नदी आहे, नदी म्हणजे मी. पहिल्या उत्तरातला दुसरा अर्थ धरला तर हे अंगभूत नव्हेच, हे नातं आहे. तरी कायदा चालतो.

असा मसुदा तुमच्या हाती आला तर आधी नदीच्या वतीने बोलणार कोण आणि पैसा कुठून येणार ते वाचा. वांगानुईसाठी दोन जणांचा आवाज ठरवला आहे, एक सरकारने सुचवलेला आणि एक नदीशी संबंधित माओरी समूहांनी. शिवाय ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी. सरकारच्या मालकीचं नदीपात्र नदीच्याच नावावर झालं. पाण्याची मालकी मात्र या कायद्याने कोणालाच दिलेली नाही.