तुमचे प्रश्न : आवाज येतो, पण पडदा काळा

प्रश्न : पाच वर्षं वापरलेल्या ४३ इंची एलईडी टीव्हीचा आवाज येतो, रिमोटने चॅनेल बदलतात, पण पडदा काळाच. ‘पॅनेल गेलं, नवा टीव्ही घ्या’ असा सल्ला मिळाला. तो बरोबर आहे का?

उत्तर : टॉर्च लावून पाहिल्याशिवाय असा निकाल देणं घाईचं आहे. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागून आलेला उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा एवढंच तो करतो. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जातो तोही एलसीडीच, फक्त त्याच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, एलईडीचा. (ओलेड वेगळा. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, बॅकलाइट नसतोच.) त्यामुळे बॅकलाइट गेला तरी चित्र पडद्यावर तयार होतच असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच.

खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करून रिमोटने मेनू उघडा आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. मेनूची अक्षरं स्थिर आणि ठळक असतात, म्हणून चित्रापेक्षा ती लवकर सापडतात. पुसटशी अक्षरं दिसली तर पॅनेल ठीक आहे, बिघाड बॅकलाइटचा आहे. काहीच दिसलं नाही तर टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा), मेन बोर्ड किंवा पॅनेल यांच्याकडे वळावं लागेल.

टीव्ही चालू करतानाचा पहिला क्षणही नीट बघा. पडदा एक-दोन सेकंद उजळून विझत असेल तर बॅकलाइटचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट, जिवंत आहे. एलईडीच्या पट्ट्यांमध्ये गडबड दिसल्यामुळे तो स्वतःहून बंद होतोय. अजिबातच उजळत नसेल तर पट्टी, ड्रायव्हर आणि मेन बोर्ड या तिन्ही शक्यता शिल्लक राहतात आणि मागचं झाकण काढून मोजावं लागतं.

त्याआधी एक सावधगिरी. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. २३० व्होल्टच्या मेन्सवर तो ३२५ व्होल्टच्या आसपास असतो, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या बोर्डावर ३८० ते ४००. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरवायची सवय वाईट; त्यात बोर्डाचेही हाल होतात. १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या वायरींनी कपॅसिटरच्या दोन पायांना दहा सेकंद लावा आणि मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करा. चालू टीव्हीत मोजायचा सराव नसेल तर इथेच थांबा आणि पुढचं काम मेकॅनिककडे द्या.

मोजायच्या जागा तीन. मेन बोर्डाकडून पॉवर बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरवर बीएल-ऑन अशी पिन छापलेली असते. टीव्ही चालू केल्यावर तिथे साधारण ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. ते नाहीत, तर मेन बोर्ड बॅकलाइटला हुकूमच देत नाही, पट्ट्यांना दोष देऊन उपयोग नाही. दुसरी जागा ड्रायव्हरचा पुरवठा, बऱ्याच संचांत १२ किंवा २४ व्होल्ट. तिसरी एलईडीच्या कनेक्टरची प्लस पिन. इथे मीटरची काळी पिन एलईडीच्या मायनसवर न ठेवता टीव्हीच्या धातूच्या सांगाड्यावर ठेवा आणि रेंज किमान ६०० व्होल्ट डीसीची घ्या. समजा पुरवठा २४ व्होल्टचा आहे. प्लस पिनवर चालू करतानाही २४ च राहिले तर ड्रायव्हर व्होल्टेज वाढवतच नाहीये: आयसी, मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) किंवा त्या वाटेवरचा फ्यूज तपासा. व्होल्टेज झपाट्याने शंभराच्या वर जाऊन परत २४ वर कोसळलं तर ड्रायव्हर आपलं काम करतोय आणि पुढे एकामागून एक जोडलेल्या एलईडींची साखळी तुटलेली आहे. जुन्या टीव्हीत जास्त करून हेच सापडतं.

प्रश्न : आमच्या ३२ इंची टीव्हीत तीन पट्ट्या आहेत, एका पट्टीतला एकच एलईडी मेला आहे. तेवढाच बदलला तर चालेल का? आणि पॅनेल घरी उघडावं का?

उत्तर : चालेल, पण आम्ही तसं करणार नाही. साखळीतले सगळे एलईडी सारखेच तास, सारख्याच उष्णतेत जळलेले असतात. एक गेला की बाकीच्यांचं आयुष्यही फारसं उरलेलं नसतं. पुन्हा पॅनेल उघडायची जोखीम पट्टीच्या किमतीपेक्षा मोठी आहे. शिवाय नव्या एलईडीचा रंग जुन्यांशी जुळत नाही आणि पांढऱ्या पडद्यावर तो ठिपका उठून दिसतो. मेलेल्या एलईडीवर तार टाकून साखळी पुढे जोडणं ही तर तात्पुरती मलमपट्टी.

तपासायला एलईडी टेस्टर वापरा. तो ठरावीक करंट देऊन व्होल्टेज स्वतः जुळवून घेतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर विसंबू नका: ६ व्होल्टचा चांगला एलईडीसुद्धा त्यावर मेलेला दिसतो, कारण मीटरकडे तेवढं व्होल्टेजच नसतं. टेस्टरवर ३ व्होल्टचा एलईडी साधारण २.८ ते ३.३ ला उजळतो, ६ व्होल्टचा ५.६ ते ६.५ ला. उजळला पण आकडा फारच कमी आला, किंवा मिणमिणता राहिला, तर तोही बाद समजा.

नवी पट्टी घेताना टीव्हीच्या मॉडेल नंबरवर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळी पॅनेल्स बसवलेली असतात. जुन्या पट्टीवरचा छापील नंबर, मिलिमीटरमध्ये लांबी, एलईडींची संख्या, दोन एलईडींमधलं अंतर, कनेक्टरची बाजू आणि व्होल्टेज, एवढं सगळं जुळलं तरच घ्या.

आता उघडण्याबद्दल. दुरुस्तीत टीव्ही कायमचा जातो तो याच टप्प्यावर. काचेच्या कडेला तपकिरी रंगाच्या पातळ फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक बारीक आयसी असते. त्यांना सीओएफ म्हणतात. काच उचलताना त्या पट्ट्यांवर लांब हिरवा बोर्ड लोंबकळला की फिल्मला बारीक चीर जाते आणि पडद्यावर उभी रेघ कायमची बसते. घरी ती दुरुस्त होत नाही. म्हणून बोर्डाचे स्क्रू आधी काढा, बोर्ड आणि काच एकाच वेळी, एकाच पातळीत उचला. ४० इंचांपासून पुढे दोन माणसं हवीतच, सक्शन कप असले तरी. काच काढली की स्वच्छ, सपाट गादीवर आडवी ठेवा; उभी टेकवून ठेवलेली काच घसरायला वेळ लागत नाही.

काचेखाली दोन-तीन पातळ शीट्स आणि त्यांच्याखाली जाड पांढरी डिफ्यूजर प्लेट असते. शीट्सचा क्रम आणि कोणती बाजू वर, हे काढायच्या आधी फोटोत टिपा. कोपऱ्यातल्या खाचांवरून दिशा कळते. उलटी बसली तर उजेड मंद आणि पट्ट्यापट्ट्यांचा पडतो. धूळ कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात. हवेच्या फुग्याने उडवा. हातात मोजे असू द्या, कारण बोटांचा ठसा आतून निघत नाही.

पट्ट्या क्लिपांनी किंवा दुहेरी टेपने चिकटवलेल्या असतात. नवी बसवताना उष्णता वाहून नेणारा टेप वापरा, साधा फोमचा टेप नको. फोम पट्टीची उष्णता मागच्या पत्र्यापर्यंत पोचूच देत नाही आणि नवे एलईडी जुन्यांहून लवकर जातात. काच परत ठेवण्याआधी फक्त पट्ट्या जोडून टीव्ही चालवून बघा, निदान अर्धा तास.

प्रश्न : नव्या पट्ट्या टाकल्या, तरी दोन सेकंदांत उजेड जातो. पट्ट्या खराब निघाल्या का?

उत्तर : तसं क्वचित होतं. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टच्या पट्ट्या आल्यात का ते आधी बघा. तीन पट्ट्यांत सात-सात, म्हणजे २१ एलईडी एकाच साखळीत असतील तर ३ व्होल्टच्या हिशेबाने ६३ व्होल्ट लागतात आणि ६ व्होल्टच्या हिशेबाने १२६. ६३ साठी बनवलेला ड्रायव्हर १२६ पर्यंत न्यायच्या आधीच व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं म्हणून बंद होतो. उलट अदलाबदलीत उजेड कमी पडतो किंवा ड्रायव्हर त्याला शॉर्ट समजतो.

व्होल्टेज बरोबर असेल तर कनेक्टरची उलटसुलट बाजू, अर्धवट बसलेली पिन आणि पट्टीच्या मागच्या बाजूला पत्र्याला टेकणारी सोल्डरची गाठ हे तिन्ही बघा. शेवटची चूक डोळ्याला दिसत नाही. पट्टीची प्लस आणि सांगाडा यांच्यात मीटरने सातत्य (आतून जोड आहे का ते) तपासलं की लगेच सापडते. दोन समांतर साखळ्या असलेल्या संचात एकीकडे जुनी आणि दुसरीकडे नवी पट्टी ठेवल्यानेही व्होल्टेजचा फरक पडून ड्रायव्हर कुरकुर करू शकतो. हे सगळं ठीक असूनही दिवा टिकत नसेल तर ड्रायव्हरच्या बाहेरच्या बाजूचा कपॅसिटर फुगलाय का ते बघा.

प्रश्न : पडद्यावर चार-पाच गोल पांढरे ठिपके आलेत. काही ठिकाणी चित्र जांभळट दिसतं.

उत्तर : या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, पण मूळ एकच : उष्णता. एलईडीवर उजेड पसरवणारी छोटी लेन्स चिकटवलेली असते. गोंद सुटून ती पडली की उजेड एकाच जागी एकवटतो. लेन्स तीन पायांवर उभी असते. पायांना कणभर इपॉक्सी लावा, एलईडीवर थेंब जाऊ देऊ नका. झटपट चिकटणारा गोंद नको, त्याच्या वाफेने लेन्स पांढुरकी होते.

जांभळटपणा गोंदाने जाणारा नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे तो पांढरा दिसतो. फॉस्फर भाजला की निळं बाहेर डोकावतं. रंगाच्या सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, पट्ट्या बदला.

प्रश्न : नव्या पट्ट्या जास्त टिकाव्यात म्हणून काय करावं?

उत्तर : मेनूमधलं बॅकलाइट १०० वरून ६० ते ७० वर आणा. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ ही वेगळीच गोष्ट असते, ती काळ्या रंगाची पातळी हलवते, एलईडीला तिचा फायदा नाही. बॅकलाइट नावाचा पर्याय मेनूत सापडत नसेल तर एनर्जी सेव्हिंग किंवा इको मोड चालू करा.

मेकॅनिक मंडळी ड्रायव्हर बोर्डावरच करंट कमी करतात. करंट ओळखणारे रेझिस्टर समांतर लावलेले असतात; सारख्याच ओहमचे तीन असतील आणि एक काढला तर करंट दोन-तृतीयांशावर येतो, चारातला एक काढला तर पाऊण उरतो. तिनातला काढून उजेड फारच कमी वाटला तर तो परत जोडता येतो, म्हणून काढलेला रेझिस्टर बोर्डावरच टेपने चिकटवून ठेवा.

प्रश्न : जुन्या जाड एलसीडी टीव्हीचा रंग सुरुवातीला गुलाबी असतो, मग मधेच अंधार होतो. त्यातही एलईडी पट्टीच बदलायची का?

उत्तर : त्यात एलईडी नाहीत, सीसीएफएल, म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्या आहेत. चालू झाल्यावर गुलाबीसर उजेड म्हणजे नळी म्हातारी झाली, आणि मधेच विझणं म्हणजे इन्व्हर्टरने (नळीला जास्त व्होल्टेज पुरवणाऱ्या बोर्डाने) तिला नाकारलं. इन्व्हर्टर काढून एलईडी किट बसवता येतं, पण नळीच्या लांबीची पट्टी आणि स्वतंत्र ड्रायव्हर दोन्ही लागतात, आणि बीएल-ऑन व उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल नव्या ड्रायव्हरला जोडायचं काम वेगळंच. नळ्या काढताना मोडू देऊ नका, त्यांत पारा असतो. मोडलीच तर खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता ओल्या कागदाने तुकडे गोळा करा आणि बंद डब्यातून ई-कचऱ्यात द्या.