मुंबईच्या गुन्हेगारीवरचा असा कोणता चित्रपट आहे, ज्यात समाजही नीट दिसतो आणि छायाचित्रणही बघण्यासारखं आहे?

माझं मत डोळे झाकून ‘अर्धसत्य’ला. १९८३ चा, गोविंद निहलानींचा. भाषा हिंदी, पण आतला ऐवज बराचसा मराठी: मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्रे यांची. आणि गुंड रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर तर आपल्या रंगभूमीवरचेच.

लोकांना आठवतो तो रामा शेट्टी, आणि ते बरोबरच आहे. लुंगी नेसलेला हा माणूस आवाजही न चढवता नायकाला, म्हणजे फौजदार वेलणकरला (ओम पुरी) गप्प बसवतो. पण खरी गोम वेलणकरच्या घरात आहे. बाप पोलिसातला, बायकोवर हात उचलणारा. पोरगा पदवीधर, दुसरं काहीतरी करायचं होतं, बापाच्या हट्टापायी खाकीत शिरला. लहानपणी मुकाट्याने बघितलेली मारहाण पुढे त्याच्याच हातात उतरते. वरून दबाव आला की शेट्टीला हात लावता येत नाही. मग राग निघतो कोणावर? लॉकअपमधल्या एका भुरट्या चोरावर. तो मार खाऊन मरतो, आणि त्यातून सुटायला वेलणकरला जावं लागतं ते पुढारी होऊ घातलेल्या त्याच शेट्टीच्या दारात!

छायाचित्रणाचं म्हणाल, तर निहलानी मुळात कॅमेरामन. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली तयार झालेले, श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ त्यांनीच चित्रित केलेला. त्यामुळे इथे दिखाऊपणा शून्य. हॉटेलातला कवितेचा प्रसंग नीट बघा. मैत्रीण ज्योत्स्नाच्या पुस्तकातली कविता वेलणकर सहज, जरा थट्टेच्या सुरात वाचायला घेतो. कॅमेरा ओम पुरींच्या त्या खडबडीत, व्रणांच्या चेहऱ्यावर. ओळीगणिक आवाज खाली येत जातो, थट्टा कुठल्या कुठे जाते. चित्रपटाचं नाव त्याच कवितेतलं. गाणी नाहीतच, हे एक बरं केलंय.

नसीरुद्दीन शाहांचा माईक लोबो मोजक्याच प्रसंगांत आहे, पण चुकवू नका. निलंबित झालेला, दारूत बुडालेला हा अधिकारी म्हणजे वेलणकरला दिसणारा स्वतःचाच उद्या.

एक तक्रार मात्र आहे. स्मिता पाटील असूनही ज्योत्स्नाच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. बहुतेक वेळ ती वेलणकरला प्रश्न विचारते किंवा त्याच्यावर नाराज होते. एवढी तगडी अभिनेत्री हाताशी असताना तेंडुलकरांनी तिला आणखी दोन प्रसंग द्यायला हवे होते.