१४२८५७ आणि सातचा फेरा

प्रश्न : मालवणात आमचं किराणा दुकान आहे. नववीतला मुलगा म्हणतो, १४२८५७ ला कितीनेही गुणा, तेच आकडे जागा बदलून येतात. मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं, तर सातला सगळे नऊच! हे काय गौडबंगाल?

उत्तर : ‘कितीनेही’ नव्हे हो, एक ते सहापर्यंतच. दुपटीला २८५७१४, पाचपटीला ७१४२८५. खरी गोम भागाकारात आहे. कॅल्क्युलेटर ठेवा बाजूला नि पुडीच्या कागदावर १ ला ७ ने भागा. बाकी उरते ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडून सातच्या सगळ्या बाक्या येऊन गेल्या, म्हणून ०.१४२८५७१४२८५७… असा रहाट फिरत राहतो. ३ ला ७ ने भागलंत, की त्याच रहाटावर मधूनच चढता : ४२८५७१. सात सप्तमांश म्हणजे पूर्ण एक. म्हणून तिथे नऊच नऊ.

आठपट करा : ११४२८५६. पुढचा १ काढून मागच्या १४२८५६ त मिळवा. आला की नाही?

आणि वर्ग? २०४०८१२२४४९. तोडून बेरीज करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, पण जन्म डहाणूचा, १९०५ चा. म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे! (मीही मास्तरच, एवढा तोरा चालायचाच.)

मुलाला आता १ ला १७ ने भागायला लावा. सोळा आकडी फेरा मिळेल, ०५८८२३५२९४११७६४७. पुढचं शून्य मात्र सोडायचं नाही. १३ नको, तिथे सहा आकड्यांतच फेरा आटोपतो.