‘पूर्ण निलंबन सायकल’ आणि बिजागरी

एका वाचकाने विचारलं आहे: फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांचे हादरे झेलणारी रचना असलेल्या) माउंटन बाइकवरच्या एका मराठी लेखात ‘पूर्ण निलंबन सायकल’ असं लिहिलंय आणि ‘पिव्हट’ला ‘टेकू’ म्हटलंय. हे शब्द चालतील का?

‘निलंबन’ व्युत्पत्तीने चुकीचा नाही. सस्पेन्शनच्या पोटात टांगण्याच्या अर्थाचा लॅटिन धातू आहे, निलंबनात संस्कृत ‘लंब्’. दोन्ही कुळं किती सारखी वाढली बघा: पेंडिंग म्हणजे प्रलंबित, डिपेंड म्हणजे अवलंबून, सस्पेंड म्हणजे निलंबित. आपलं ‘लोंबणं’ही त्यातलंच. जुन्या घोडागाड्यांची बैठक चामडी पट्ट्यांवर खरोखर टांगलेली असे. पण मराठीत निलंबन म्हटलं की नोकरीवरून बाजूला केलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो, आणि सायकलीत काही टांगलेलंही नसतं. ‘हादरेशोषक’ म्हणावं, तर ते फक्त शॉकअपचं नाव झालं. म्हणून सस्पेन्शनच ठेवा. ‘फुल’चा अर्थ मात्र इथे पुढे आणि मागे असा आहे, तेव्हा ‘दुहेरी सस्पेन्शन’ जास्त नेमकं.

पुढच्या बाजूला चाक धरणारा आपला ‘चिमटा’ (फोर्क) आहेच. 1990 च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचे सस्पेन्शनवाले चिमटे शर्यतींत दिसू लागले. नळीत नळी सरकते, काम झालं. खरी डोकेफोड मागच्या बाजूला होती, आणि तिथेच ‘टेकू’ कमी पडतो. टेकू भार पेलतो, त्याच्याभोवती काही फिरावंच असं नाही. पिव्हटभोवती सांगाड्याचा मागचा भाग दारासारखा फिरतो. ती बिजागरी आहे.

हा शब्द हाती आला की सांगाड्याचा इतिहास मराठीत सहज सांगता येतो. सुरुवातीच्या बऱ्याच सांगाड्यांना एकच बिजागरी होती. ती चुकीच्या जागी असली, तर प्रत्येक पायडलसरशी साखळी मागचा भाग ओढायची आणि सायकल डुलायची. यावर 1990 च्या दशकात एक तोडगा निघाला: पायडलचा आसच मागच्या त्रिकोणात, म्हणजे सांगाड्याच्या फिरणाऱ्या मागच्या भागात, बसवायचा. ट्रेक कंपनीचे वाय आकाराचे सांगाडे या जातीचे. साखळीची ओढ मिटली, पण स्वार पायडलवर उभा राहिला की त्याचं वजन मागच्या त्रिकोणावरच यायचं आणि सस्पेन्शन आखडायचं. म्हणजे खडकाळ उतारावर, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथेच.

सायकल-रचनाकार होर्स्ट लाइटनर यांनी एक बिजागरी पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीवर, मागच्या आसाच्या किंचित पुढे बसवली. बदल दिसायला बोटभर. पण त्यामुळे चाक त्या दांडीला घट्ट जखडलेलं राहिलं नाही, आणि ब्रेक दाबल्यावर सस्पेन्शनवर येणारा ताणही कमी करता आला. हे पेटंट पुढे स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने विकत घेतलं. सायकल समोर असेल तर पायडलपासून खालच्या दांडीवरून बोट मागे न्या. आसाच्या आधी बिजागरी लागली तर ही रचना. ती आसाच्या वर, आसापासून बैठकीकडे चढणाऱ्या दांडीवर असेल, तर कितीही पट्ट्या जोडलेल्या दिसोत, चाक एकाच बिजागरीभोवती फिरतंय.

‘व्हर्च्युअल पिव्हट’ला ‘आभासी बिजागरी’ मला अगदी चपखल वाटतो. 2001 च्या सुमारास सांता क्रूझ कंपनीने आणलेल्या सांगाड्यांत पुढचा आणि मागचा भाग दोन आखूड पट्ट्यांनी जोडलेले होते. त्या पट्ट्यांच्या रेषा मनाने लांबवल्या, तर त्या जिथे मिळतील त्या बिंदूभोवती चाक त्या क्षणी फिरत असतं. तिथे बोल्ट नाही, काहीच नाही, आणि सस्पेन्शन दबेल तसा तो बिंदूही सरकतो. लाइटनरांच्या रचनेतही असा बिंदू असतोच, हे नावाच्या गडबडीत विसरलं जातं.

राहिला ‘ट्रॅव्हल’, म्हणजे सस्पेन्शन दबताना चाक किती सरकू शकतं ते अंतर. त्या लेखात ‘140 मिलिमीटर प्रवास’ आहे. तिथे ‘चाल’ लिहा. दट्ट्याला चाल असते, तशी चाकालाही.