ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये कोणत्याही नेत्याला कोणत्याही देशाच्या गादीवर बसवता यावं का?

बसवता यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादं राष्ट्र हाती घेऊन ते युगानुयुगं वाढवायचं, अशा 'सिव्हिलायझेशन' या संगणक-गेम मालिकेच्या सातव्या भागात चीनचा कन्फ्यूशियस रोम चालवतो, अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन इजिप्त चालवतो, ही इतिहासाची विटंबना आहे असं काही जण म्हणतात. पण याच मालिकेच्या १९९१ च्या पहिल्या भागात गांधीजी आणि लिंकन इसवी सनपूर्व ४००० मध्ये आपापलं पहिलं शहर वसवतात. म्हणजे पहिल्या चालीलाच इतिहास मोडलेला असतो, आणि तो मोडून बघण्यातच या खेळांची मजा आहे.

माझी अट एकच: नेता बदलला की खेळ बदलला पाहिजे. 'सिव्हिलायझेशन ६'मधला भारत बघा. खास सैन्य म्हणजे वरू हत्ती तोच, खास बांधकाम म्हणजे पायविहीर तीच. पण गांधीजी घेतले तर स्वतःचा धर्म स्थापन केलेलं आणि सध्या कुणाशी युद्ध नसलेलं जे जे राष्ट्र तुम्हाला भेटलंय, त्या प्रत्येकामागे जादा श्रद्धा-गुण मिळतात. साहजिकच शेजारी शांत राहावेत म्हणून तुम्ही धडपडता. चंद्रगुप्त घेतला की तेच शेजारी तुम्हाला जमीन म्हणून दिसायला लागतात. प्रदेशविस्ताराचं युद्ध पुकारलं की पहिल्या १० चालींत सैन्य २ घरं जास्त धावतं, मारही ५ गुणांनी वाढतो. त्यामुळे हल्ल्याची तयारी आधीच सीमेवर करून ठेवावी लागते. एकाच देशात दोन पूर्ण वेगळे खेळ! निवड असावी तर अशी.

सातव्या भागात मला खटकतं ते वेगळंच. २०२५ मध्ये तो आला तेव्हा त्यात नेता कायम राहायचा आणि युग बदललं की राष्ट्र बदलायचं. भारतासाठी सुचवलेली वाट मौर्य, चोळ, मुघल अशी आहे. चोळ हे मौर्यांचे वारस नव्हते. ते तमिळ प्रदेशातले आणि अशोकाच्या शिलालेखांत मौर्यांच्या राज्याबाहेरचे म्हणून नोंदलेले. मुघल तर १५२६ मध्ये बाबराबरोबर आले. हिला ऐतिहासिक वाट म्हणायचं, तर फ्रँकलिनच्या इजिप्तवर कशाला रागवायचं? आणि खेळताना जीव जडतो तो आपण वाढवलेल्या राष्ट्रावर. तेच मध्येच हातातून काढून घेतलं की फार लागतं.

विटंबनेचा प्रश्न मला खरा वाटतो तो दुसऱ्याच ठिकाणी. २०१८ मध्ये सहाव्या भागात कॅनडातल्या मूळ रहिवासी क्री लोकांचा जुना नेता पाउंडमेकर आला, तेव्हा त्याचंच नाव लावणाऱ्या 'पाउंडमेकर क्री नेशन' या आजच्या क्री समुदायाच्या एका पुढाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला. इतरांच्या जमिनी जिंकत सुटणं ही आमच्या लोकांची रीतच नव्हती, असा त्याचा रोख होता. मला तो शंभर टक्के पटतो. ज्यांचा पूर्वज तुम्ही पडद्यावर आणताय, ती माणसं आज हयात आहेत. त्यांना आधी विचारायला हवं.

तुम्हाला राजा आणि राज्य यांची गाठ पक्कीच हवी असेल तर 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' हा दुसरा स्ट्रॅटेजी गेम खेळा. सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४, नकाशावरचं जवळपास कोणतंही राज्य तुमचं. मी विजयनगर सुचवेन, उत्तरेला बहमनी असतातच. राजा मात्र निवडता येत नाही. प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर यांत त्याला ० ते ६ गुण असतात, आणि दर महिन्याला हाती येणारं बळ त्यावर ठरतं. राजा सुमार निघाला तर वारस गादीवर येईपर्यंत त्याच्यावरच कारभार रेटावा लागतो.