जिन स्लिंग: पाक मोजून, जायफळ ताजं

प्रश्न : सिंगापूरला रॅफल्स हॉटेलात आम्ही दोघांनी सिंगापूर स्लिंग घेतलं. छान होतं, पण गोड. घरी ड्राय जिन आणून लिंबू, साखर आणि सोडा घालून केलं, तर लिंबाच्या सरबतात जिन ओतल्यासारखं लागलं. तळाशी साखरही राहिली. खरं ड्राय स्लिंग कसं करायचं?
— एक वाचक, ठाणे

तुम्ही प्यायलात ते मूळ स्लिंगचं बरंच सजवलेलं रूप. हॉटेलच्या सांगण्यानुसार न्गियाम टाँग बून या तिथल्या बारटेंडरने ते १९१५ मध्ये केलं. त्यात चेरी ब्रँडी, अननसाचा रस, डाळिंबाचा पाक असं बरंच काही असतं. मूळ स्लिंग याहून कितीतरी साधं. अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमसने १८६२ मध्ये छापलेल्या कृतीत जिन, साखर, पाणी, बर्फ आणि वर किसलेलं जायफळ एवढंच आहे. लिंबू आणि सोडा असलेली कृती पुढे रूढ झाली. मी पणजीत बार काउंटरमागे असताना तीच करायचे आणि आजही तीच मला सर्वांत आवडते.

साखर दाणेदार घालू नका. थंड जिनमध्ये ती नीट विरघळत नाही, म्हणून पहिला घोट आंबट आणि शेवटचा नुसता गोड लागतो. समान मापाने साखर आणि पाणी घेऊन, साखर विरघळेपर्यंत गरम करून पाक करा. तार येऊ द्यायची नाही. गार करून फ्रिजमध्ये ठेवा.

एका ग्लासला जिन ६० मिली, म्हणजे एक लार्ज. गाळलेला लिंबाचा रस १५ मिली, पाक १० मिली. परदेशी कृतींत पाक जास्त सापडेल, पण तुम्हाला ड्राय, म्हणजे कमी गोड हवंय, तेव्हा दहावर थांबा. लिंबू कागदीच घ्या, आणि पिळताना सालीपर्यंत दाबू नका, कडवटपणा उतरतो. हे तिन्ही फिरकीच्या झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फासोबत घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवा. बर्फातून सुटणारं पाणी हा कृतीचाच भाग आहे, ते टाळायला जाऊ नका. मग नवा बर्फ घातलेल्या उंच ग्लासात गाळून वर ७५ मिली सोडा ओता. सोडा फ्रिजमधला, बाटली त्याच वेळी उघडलेली. कोमट सोड्यातला वायू लगेच निघून जातो आणि पेय मिळमिळीत होतं. सोडा घातल्यावर चमचा एकदाच फिरवायचा.

आता जायफळ. यावर मी आग्रही आहे. पूड नको, अख्खं जायफळ बारीक किसणीवर ग्लासाच्या वरच दोन-तीनदा घासा. किसल्यावर त्याचा वास फार लवकर उडतो. आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाची झाडं आहेत. सावंतवाडीच्या बाजारातून आणलेलं ताजं जायफळ आणि डब्यातली जुनी पूड यांतला फरक पहिल्याच घोटाला कळतो. श्रीखंडात जायफळ गोडाला साथ देतं. इथे ते जुनिपरच्या, म्हणजे जिनला मुख्य स्वाद देणाऱ्या फळाच्या, राळेसारख्या वासाला उचलून धरतं.

जिन लंडन ड्राय घ्या. ती लंडनचीच असायला लागत नाही. गोव्यात होणारी ‘ग्रेटर दॅन’ याच पद्धतीची आहे आणि स्लिंगला उत्तम. गुलाबी, फळांच्या स्वादाच्या जिन इथे नकोत.

प्रश्न : कृतीत बिटर्स लिहिलेले असतात. आमच्या गावात मिळत नाहीत. काय घालू?
— एक वाचक, सांगली

काहीही घालू नका. बिटर्स म्हणजे साली-मुळ्यांचा कडू अर्क, थेंबाथेंबाने घालायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये कॉकटेलची ओळख ‘बिटर्स घातलेलं स्लिंग’ अशीच करून दिली होती. म्हणजे बिटर्सशिवायचं स्लिंग अपुरं नाही. पुण्या-मुंबईहून कुणी अँगोस्टुरा नावाचे बिटर्स आणले, तर हलवण्याआधी बाटली बरणीत दोनदा झटका, बस्स.

प्रश्न : दहा पाहुण्यांसाठी आधी करून ठेवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

अर्धं. ६०० मिली जिन आणि १०० मिली पाक एकत्र करून ७५० मिलीच्या बाटलीत भरा, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवा. लिंबं मात्र पाहुणे आल्यावरच पिळा. रस तासन्‌तास ठेवला की चव उतरते. एका ग्लासला बाटलीतलं ७० मिली, रस १५ मिली, मग हलवणं आणि सोडा वरच्यासारखंच. बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट लागतो, आदल्या दिवशीच विकत आणून ठेवा.

महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो. आणि प्रत्येक ग्लासात एक पूर्ण लार्ज आहे, थंडाव्यामुळे तो जाणवत नाही. ज्यांना गाडी चालवत घरी जायचंय त्यांच्यासाठी लिंबू, पाक, सोडा आणि जायफळ असा ग्लास वेगळा करा. तोही फार चांगला लागतो.